सत्तर टक्के

दुपारी चारला कंपूतल्या आमच्या गच्चीवर
माझी सावली पाण्याच्या टाकीपर्यंत जाते.
डावा गुडघा वाकत नाही आता, त्यामुळे तीही
मध्येच थबकते, मग उरलेलं अंतर फरफटत आणते.
अशीच एक सावली मी एकोणीस महिने पाहिली होती.

कुणाची, कुठल्या देशातली, ते विचारू नका.
सही केलेली आहे.
आम्ही त्याला नुसतं ‘काका’ म्हणायचो,
मी आणि तिर्की,
शहराबाहेरच्या त्या थंडगार खोलीत,
जिथे मे महिन्यातही स्वेटर लागायचा.

काकाला सात घरं. कुठे झोपेल, त्याचं त्यालाच ठाऊक.
स्वतःचा फोन नव्हता त्याच्याकडे,
पण तो ज्या गल्लीत शिरे
तिथले सोळा-सतरा फोन एकदम मुके होत.
आम्ही त्या मुकेपणाच्या मागे मागे जायचो.
कुणीतरी आतून कळवलं, दुधाचे दोन कॅन जास्त.
कुणीतरी, औषधाच्या दुकानातून सांधेदुखीचं मलम.
आणि वरून, फार वरून, आवाज नसलेलं चित्र:
अंगण, डाळिंबाचं झाड, धुणं,
आणि चारच्या उन्हात माणसाहून लांब झालेली
लंगडणारी सावली.

बापाच्या पायांकडे मी कधी इतकं पाहिलं नव्हतं.
उतरणीला त्याला त्रास व्हायचा, चढणीला कमी.
गुरुवारी तो झाडाला स्वतः पाणी घालायचा.
त्याच्या मुलांना हे माहीत असेल का,
असं तिर्की एकदा म्हणाला,
आणि लगेच चहा आणायला उठला.

मग एका रात्री वरचे साहेब आले.
पाठीमागे उभे राहिले. खुर्ची घेतली नाही.
“तोच आहे?”
मी म्हणालो, बहुतेक.
“बहुतेक नको. आकडा सांगा.”

आकडा.
माझी आजी दौलतगंजात भाजी घेताना
काट्याकडे न बघता, दांडीवरच्या बोटाकडे बघायची.
मला ते बोट दिसलं.
मी म्हणालो, सत्तर.

पुढचं काम माझं नव्हतं.
पडद्यावर एक पांढरा ठिपका आला आणि पसरला.
तिकडच्या रेडिओने चार दिवस लष्करी बँड वाजवला,
पाचव्या दिवशी नाव घेतलं. मृत.
आमच्याकडे कुणीतरी गजक वाटली. तिळाची, खमंग.
दातात अडकलेला तीळ संध्याकाळपर्यंत जिभेला लागत होता.

अकराव्या दिवशी, गुरुवार,
तेच अंगण. भिंती नाहीत. झाड अर्धं.
चार वाजून दहा मिनिटं.
विटांच्या ढिगाऱ्यातून एक सावली आली,
हातात बादली,
थबकली, मग उरलेलं अंतर फरफटत आणलं.

तो असेल. त्याचा भाऊ असेल.
माळी असेल, जो पहिल्यापासून माळीच होता
आणि आम्ही ज्याला एकोणीस महिने काका म्हणत होतो.
तिर्कीने माझ्याकडे पाहिलं. मी तिर्कीकडे नाही.
रकान्यात लिहिलं: अस्पष्ट.
चित्र लख्ख होतं. पानं मोजता आली असती.

खरं लिहिलं असतं तर ते पुन्हा आकडा विचारायला आले असते.
दया म्हणा, भीती म्हणा,
मी अजून ठरवलेलं नाही.

शेजारी तोमर कबुतरं उडवतो.
किल्ल्यापर्यंत जातात, कड्याला वळसा घालतात,
आणि त्याच्या एका शिट्टीवर त्याच छतावर येतात.
“इतनी दूर से पहचान लेती हैं, काका,” तो मला सांगतो.
हो, सगळेच मला काका म्हणतात आता.

महाराजपुऱ्याकडून विमान उठतं, काचा थरथरतात.
आपलंच आहे, ठाऊक आहे.
तरी मी दोन पावलं सरकून
टाकीच्या सावलीत माझी सावली मिसळून टाकतो
आणि आवाज विरेपर्यंत
तुळशीला पाणी घालायचं थांबवतो.
आज गुरुवार आहे का, बायकोला विचारायला हवं.